विषाणू मेला, पण कोठे?



कडुनिंबाची दहा-वीस पाने धुऊन, चिरून ऊर्ध्वपातित पाण्यात उकळली आणि तो काढा गाळून सिल्व्हर नायट्रेटच्या अगदी विरल द्रावणात टाकला, तर काय होईल? आरंभी काहीच होणार नाही. मग हळूहळू द्रावणाला पिवळसर छटा येईल आणि काही तासांत ते तपकिरी होईल. रंग असा पालटला, की समजावे, पात्रात चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार झाले. त्यांनाच नॅनोकण म्हणतात. एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या पात्रातले कण अशा पाच-दहा ते पन्नास-शंभर नॅनोमीटरांचे असतात.

करोनाच्या साथीनंतर हा प्रयोग विज्ञान प्रदर्शनांतून अधिक दिसू लागला आहे. कोणी तुळस घेतो, कोणी अडुळसा, आणि आमच्या हिंगोली जिल्ह्यात तर हळद ठरलेलीच! प्रयोग सुबक असतो, तक्ते नीटनेटके असतात, आणि तक्त्याच्या तळाशी एक वाक्य असते : ‘हे कण श्वसनमार्गाच्या विषाणूंचा नाश करतात.’ प्रयोगाबद्दल मला कौतुकच आहे. त्या शेवटच्या वाक्याविषयी मात्र तुमच्याशी आणि तुमच्या शिक्षकांशी थोडे बोलावयाचे आहे.

रंग कोठून आला?

मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा आधी रंगाचे पाहू. चांदीचा तुकडा पांढरा, चकचकीत. मग तिचेच कण पिवळे-तपकिरी का? धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन या इवल्या कणात कोंडलेले असतात. प्रकाशाची लहर आली, की ते सगळे एकदम मागे-पुढे हेलकावतात. चांदीच्या लहान गोल कणांत हे हेलकावे ४०० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे जांभळ्या-निळ्या प्रकाशाशी जुळतात. तो प्रकाश कण शोषून घेतात व विखुरतात. आपल्यापर्यंत पोहोचतो तो उरलेला पिवळसर प्रकाश. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ साली सोन्याचे असेच माणकासारखे लाल कलिल तयार केले होते आणि तो रंग सोन्याच्या सूक्ष्म कणांचाच आहे, हे ओळखले होते.

वनस्पतीचे काम काय? पानांच्या अर्कातील पॉलिफेनॉल वगैरे पदार्थ चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतात. आयनाचा अणू होतो, अणू एकत्र येऊन कण बनतो, आणि अर्कातीलच काही पदार्थ त्या कणाभोवती चिकटून त्याला आणखी मोठा होऊ देत नाहीत. हे काम रसायनांनीही होते. वनस्पतीमुळे ते कमी तापदायक द्रव्यांनी आणि साध्या तापमानाला होते.

या विषयाच्या आरंभीच्या कामातील एक महत्त्वाचा वाटा आपल्या पुण्याचा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ ते २००५ या काळात जिरॅनियमची पाने, कडुनिंब, गवती चहा, चिंचेची पाने आणि आवळा यांच्या अर्कांपासून चांदीचे वा सोन्याचे नॅनोकण बनविले. गवती चहाच्या अर्कातून तर सोन्याचे चक्क त्रिकोणी, पत्र्यासारखे चपटे कण मिळाले. २००४ साली हे काम प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांचे तिकडे लक्ष गेले. परसातल्या झाडांपासून केवढे विज्ञान उभे राहू शकते, याचा हा धडा आहे.

विषाणूशी गाठ

आता विषाणूकडे वळू. करोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचा. इन्फ्लुएंझाचाही साधारण तेवढाच. चांदीचा कण १० नॅनोमीटरांचा घेतला, तर विषाणू नारळाएवढा आणि कण बोराएवढा, असे प्रमाण पडते. असे कण विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना चिकटू शकतात. शिवाय कणांपासून चांदीचे आयन सुटत राहतात आणि त्यांना प्रथिनांमधील गंधकाची फार ओढ. ज्या प्रथिनांच्या आधारे विषाणू आपल्या पेशीला बिलगतो, तीच अशी निकामी झाली, तर विषाणू आत शिरणार कसा?

कण लहान असण्याने काय साधते, तेही मोजून पाहा. एक सेंटीमीटर बाजूचा चांदीचा घन घ्या. वजन साडेदहा ग्रॅम, जुन्या तोळ्याहून थोडे कमीच. त्याचे पृष्ठफळ अवघे ६ चौरस सेंटीमीटर. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन पाडले, तर सर्वांचे मिळून पृष्ठफळ होते ६०० चौरस मीटर. तोळाभर चांदीचे जवळजवळ सहा गुंठे रान झाले! विषाणूशी गाठ पडते ती पृष्ठभागावरच, म्हणून या हिशेबाला महत्त्व.

तेव्हा कल्पना पोकळ नाही. २०१६ साली चीनमधील संशोधकांनी हळदीतील कुर्क्युमिन वापरून चांदीचे नॅनोकण तयार केले आणि लहान मुलांच्या श्वसनमार्गाला त्रास देणाऱ्या आर.एस.व्ही. या विषाणूला ते पेशीसंवर्धनात चांगलेच रोखतात, असे दाखविले. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे हळदीच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्रही स्थापन झाले आहे. हिंगोलीच्या विद्यार्थ्याला वाटणारच, की आता आपल्या हळकुंडातून औषध निघाले! पण येथेच क्षणभर थांबावयाचे आहे. मघाच्या वाक्यातील ‘पेशीसंवर्धनात’ हा शब्द तुमच्या नजरेतून निसटला तर नाही ना?

बशी आणि माणूस

पेशीसंवर्धन म्हणजे काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत पोषक द्रवात वाढविलेल्या पेशी. तेथे विषाणू मारणे फारसे अवघड नाही. साबणाचे पाणी त्याला मारते, ब्लीचिंग पावडर मारते, नुसती उष्णताही मारते. म्हणून काही आपण ब्लीचिंगचे पाणी पीत नाही. प्रश्न असा असतो, की विषाणू मरताना आजूबाजूच्या पेशी जगतात काय?

२०२० साली जपानमधील संशोधकांनी करोनाच्या विषाणूवर चांदीचे नॅनोकण वापरून पाहिले. हे कण वनस्पतीपासून बनविलेले नव्हते, पण आकडे आपल्या कामाचे आहेत. सुमारे १० नॅनोमीटरांचे कण दर दशलक्ष भागांत १ ते १० भाग या प्रमाणात विषाणूला रोखतात, असे त्यांना आढळले. मात्र हे प्रमाण २० भागांवर गेले, की त्या पेशींनाही इजा होऊ लागली. म्हणजे गुणकारी मात्रेची वरची मर्यादा आणि अपायकारक मात्रा यांत दुपटीचेच अंतर! दोन्ही गोष्टी संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिल्या. प्रदर्शनातल्या तक्त्यावर मात्र पहिली गोष्ट येते, दुसरी गळून जाते.

आता हाच आकडा माणसाला लावून पाहू. गणित ढोबळ आहे, पण करण्याजोगे आहे. ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाच्या शरीरात सुमारे ३० लिटर पाणी असते. त्यात सगळीकडे दर दशलक्ष भागांत १० भाग चांदी हवी, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, तर एकूण ३०० मिलिग्रॅम चांदी लागेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तोंडावाटे जाणाऱ्या चांदीची जी दैनिक मर्यादा ठरविली आहे, ती शरीराच्या दर किलोग्रॅमला ५ मायक्रोग्रॅम. आपल्या मुलासाठी ती दिवसाला पाव मिलिग्रॅम होते. ३०० भागिले पाव, म्हणजे १,२०० दिवसांचा वाटा एकदम! चांदी शरीरात साचत गेली, तर त्वचा निळसर-करडी होते आणि हा रंग सहसा पुन्हा जात नाही.

आणि एवढे करूनही ते कण फुप्फुसातल्या विषाणूपर्यंत जसेच्या तसे पोहोचतील काय? रक्तात क्लोराइड आहे, त्याच्याशी चांदीच्या आयनाचा अविद्राव्य क्षार होतो. प्रयोगशाळेत क्लोराइड ओळखण्याची कसोटी तुम्ही याच गुणावर करता. रक्तात प्रथिने आहेत; ती कणांना क्षणात लपेटून टाकतात. गंधकाची ओढ असलेल्या आयनाला आपले प्रथिन कोणते आणि विषाणूचे कोणते, हे कोण सांगणार? शिवाय एकदा पेशीत शिरलेला विषाणू पेशीच्या आवरणाआड सुरक्षित असतो. बशीत यांपैकी पुष्कळ अडचणी नसतात. बशीतले यश आणि माणसातले यश यांमध्ये एवढी मोठी नदी आहे, आणि तिच्यावरचा पूल बांधायला वर्षे लागतात.

बशीत जिंकलेले औषध माणसात हरते, याचे उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२० च्या आरंभी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे जुने औषध बशीतील पेशींत करोनाच्या विषाणूला रोखते, असे दिसले. जगभर त्याचा गाजावाजा झाला. पुढे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत १,५६१ रुग्णांना ते दिले आणि ३,१५५ रुग्णांना नेहमीचेच उपचार दिले. अठ्ठावीस दिवसांत पहिल्या गटातील २७ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातील २५ टक्के. औषधाने काहीही फायदा झाला नाही. कारणही नंतर उलगडले. ज्या पेशींत ते यशस्वी ठरले, त्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या होत्या. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत विषाणू वेगळ्या वाटेने शिरतो आणि ती वाट हे औषध अडवीत नाही.

याच्या उलट गंमत पाहा. डेक्सामेथासोन हे औषध विषाणूला मारीत नाही. शरीराचीच भडकलेली प्रतिक्रिया ते आवरते. त्याच चाचणीत, कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक-तृतीयांशाने कमी केले. बशीत विषाणू मारणारे हरले आणि विषाणूला न शिवणारे जिंकले! केवळ तर्काने हा निकाल कोणाला सांगता आला असता काय?

माणसांवरील तुलना आपल्याकडेही जुनी आहे. १८९७ साली मुंबईत प्लेगचा कहर असताना हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना ती दिली, काहींना दिली नाही, आणि दोन्ही गटांत प्लेग कितपत होतो ते पाहिले. कैद्यांवर असा प्रयोग आज मान्य होणार नाही. पण जागा तीच, अन्न तेच, साथ तीच आणि फरक फक्त लशीचा, ही तुलनेची रीत त्यात होती. १२० वर्षांहून अधिक काळानंतर कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत सुमारे २५,८०० स्वयंसेवकांनी भाग घेतला, तोही अशाच तुलनेसाठी.

‘वनस्पतिजन्य’ म्हणजे निर्धोक?

‘पण सर, हे कण तर वनस्पतीपासून केले आहेत, मग ते अपाय कसा करतील?’ असे विद्यार्थी विचारतात. वनस्पतीने फक्त इलेक्ट्रॉन दिले आणि कणाला वरचे आवरण दिले. आत चांदी ती चांदीच. आणि वनस्पतिजन्य तेवढे निर्धोक, असे म्हणावे, तर धोतरा आणि कण्हेर यांना काय म्हणाल?

उलट वनस्पतीमुळे एक अडचण वाढते. रसायनाच्या बाटलीवर शुद्धता लिहिलेली असते. झाडाच्या पानावर ती कोठे लिहिलेली असते? चैत्रातला कडुनिंब आणि श्रावणातला कडुनिंब यांचा अर्क एकसारखा नसतो. हळदीचे तर शेतकऱ्याला सांगायलाच नको. वाण बदलला, जमीन बदलली, की कुर्क्युमिनचे प्रमाण बदलते. मग कणांचा आकारही बदलतो आणि आकार बदलला, की गुणही बदलतात. औषधाची प्रत्येक गोळी मात्र पहिल्या गोळीसारखीच असावी लागते. २०१९ साली भारत सरकारने नॅनो औषधांच्या मूल्यमापनासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यामागे अशीच कारणे आहेत. कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांची धातूंची भस्मे म्हणजे नॅनोकणच होते. असतीलही काही कण तेवढे बारीक. पण बारीकपणा हा गुण आहे, गुणकारीपणाचा दाखला नव्हे. भस्म असो वा नवा कण, कसोटी एकच.

कलिल चांदीचे थेंब विकणारे या कसोटीच्या वाटेला जात नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केले, की डॉक्टरी चिठ्ठीशिवाय विकली जाणारी अशी चांदीची औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत. तरीही मार्च २०२० मध्ये करोनावर ती विकली जाऊ लागली आणि विक्रेत्यांना इशारापत्रे द्यावी लागली. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला धाप लागली असताना तो असे थेंब घेऊन दोन दिवस घरीच थांबला, तर त्या दोन दिवसांची किंमत काय? तक्त्यावरचे एक घाईचे वाक्य कोणाच्या जिवाशी जाऊन भिडते, ते येथे दिसते.

मग हे कण निरुपयोगी काय?

मुळीच नाही! करोनाच्या काळात नॅनोकणांनी आपली मोठी सेवा केली. फक्त ती औषध म्हणून केली नाही. घरी करावयाच्या जलद चाचणीची पट्टी आठवा. नमुन्यात विषाणूचे प्रथिन असले, की पट्टीवर तांबूस रेघ उमटते. अशा पुष्कळ पट्ट्यांवरची ती रेघ सोन्याच्या नॅनोकणांची असते. फॅरेडे यांनी पाहिलेला लाल रंगच तो! कण शरीरात जात नाहीत, पट्टीवरच राहतात, आणि घरबसल्या पंधरा-वीस मिनिटांत निकाल सांगतात. विषाणूशी लढण्याचा हाही एक मार्ग आहे. पाण्याची व हवेची गाळणी, जखमेच्या पट्ट्या, पृष्ठभागावरचे लेप, अशा ठिकाणी चांदीचा उपयोग शोधणे अधिक शहाणपणाचे. तेथेही चांदी धुऊन नदी-नाल्यात किती जाते आणि तेथील उपयुक्त जिवाणूंना ती किती जाचते, हे पाहावेच लागेल.

काही शिक्षक म्हणतील, ‘मुले उत्साहाने काही करतात, तर त्यांना असे प्रश्न विचारून नाउमेद का करावे?’ मला हे पटत नाही. विज्ञानातला खरा आनंद प्रश्नातच असतो. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची ‘लायगो’ वेधशाळा व्हावयाची आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांना १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर मिळाली. प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी अशी ती हालचाल! शास्त्रज्ञांनी लगेच डंका पिटला नाही. आपल्या उपकरणाची चूक तर नाही, कोठली भूकंपाची थरथर तर नाही, हे ते पाच महिने तपासत राहिले आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी बोलले. यशावर आधी स्वतःच संशय घ्यावा, ही रीत आपल्या दाराशी येत आहे. ती शाळेच्या प्रयोगशाळेत आधी यायला काय हरकत आहे?

म्हणून हा प्रयोग अवश्य करा, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली. सिल्व्हर नायट्रेटने कातडी काळी पडते, डोळ्यांना इजा होते. हातमोजे आणि चष्मा हवाच. तयार झालेले द्रावण पिऊ नका, फवारू नका, वाफाऱ्यात घालू नका आणि मोरीत ओतू नका. शिक्षकांकडे बाटलीत जमा करा.

आणि मग कोणताही दावा वाचताना चार प्रश्न विचारा. विषाणू मेला तो कोठे : बशीत, प्राण्यात की माणसात? किती मात्रेने मेला, आणि त्या मात्रेत आपल्या पेशी जगल्या काय? तुलना कशाशी केली? चांदीशिवायचा नुसता काढा आणि काढ्याशिवायची नुसती चांदी, दोन्ही तपासून पाहिली काय? आणि दुसऱ्या कोणी, दुसऱ्या गावच्या पानांनी, तोच प्रयोग करून तेच उत्तर मिळविले काय?

हा चौथा प्रश्न तुमच्या आवाक्यातला आहे. सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा आणि हिंगोली या पाच तालुक्यांतील पाच शाळांनी आपापल्या कडुनिंबाची पाने घेऊन, तेच वजन, तेच पाणी, तेच तापमान ठेवून हा प्रयोग करावा. रंग किती वेळात आला ते घड्याळ लावून लिहावे. कॉलेजात वर्णपटमापी असेल, तर तेथे नमुने नेऊन कोणती तरंगलांबी शोषली जाते ते पाहावे. चैत्रात एकदा, श्रावणात एकदा. पाचही शाळांची उत्तरे जुळली तर ते नोंदवावे, न जुळली तर ते अधिक ठळक नोंदवावे. त्यासाठी विषाणू लागत नाही, मोठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि वनस्पतिजन्य कणांच्या संशोधनातील एका खऱ्या अडचणीला तुमचा हात लागतो.

आणि तक्त्याच्या तळाशी लिहा : ‘आम्ही चांदीचे नॅनोकण तयार केले. असे काही कण प्रयोगशाळेतील पेशींत विषाणूंना रोखतात, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. माणसाच्या आजारावर ते औषध आहेत, असे सिद्ध झालेले नाही.’ वाक्ये जरा लांबली खरी. पण परीक्षकांनी काही विचारले, तर यातल्या प्रत्येक शब्दाचे उत्तर तुमच्यापाशी असेल.